लाल मर्फीचा बारावा धडा: 'डिड' पक्कं करायला हे पुस्तक कितपत पुरतं?

मराठी माध्यमात शिकलेला माणूस इंग्रजी बोलायला लागला की हटकून अडखळतो ते 'आय डिडन्ट वेन्ट' या वाक्यावर. नियम विचारला तर तो घडाघडा सांगतो: डिडनंतर व्ही वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. पेपरात लिहितोही बरोबर. पण बोलताना 'वेन्ट'च येतं. जोडीला 'व्हेअर यू वेन्ट?', 'आय वॉज नॉट गो', 'हॅड यू कम यस्टरडे?' ही सगळी भावंडं असतातच. साध्या भूतकाळाचा नकार आणि प्रश्न एकदाचा पक्का व्हावा म्हणून कोणतं पुस्तक घ्यावं, असं विचारलं की अनेक शिक्षक एकच नाव घेतात: लाल मर्फी.

लाल मर्फी म्हणजे रेमंड मर्फी यांचं 'इसेन्शियल ग्रामर इन यूज'. प्रकाशन केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचं, पहिली आवृत्ती 1990 ची, चौथी 2015 ची. चौथ्या आवृत्तीत 115 धडे आहेत. त्यातले 10, 11 आणि 12 हे तीन धडे मराठी माणसाला भूतकाळाचा नकार आणि प्रश्न शिकवतात का, एवढंच इथे पाहायचं आहे. उत्तर आधीच सांगायचं तर 'डिड'चं यंत्र हे पुस्तक फार छान बसवून देतं. पण आपला खरा गोंधळ 'नाही' आणि 'नव्हता' यांच्यापाशी होतो, आणि तो या पुस्तकाला दिसत नाही. ते काम आपल्यालाच समासात पेन्सिलने करावं लागतं.

मांडणी साधी आहे. डाव्या पानावर समजावणं, उजव्या पानावर सराव, दोन पानांत धडा संपला. दहावा धडा 'वॉज' आणि 'वेअर'चा, अकरावा साध्या भूतकाळाच्या होकारार्थी वाक्यांचा, बारावा नकार आणि प्रश्नांचा. हा क्रम दिसायला किरकोळ वाटतो, पण पुस्तकाची मोठी ताकद त्यातच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाईडांत प्रत्येक काळाचा एक तक्ता असतो: होकार, नकार, प्रश्न, नकारार्थी प्रश्न. पोरं तो पाठ करतात. 'वॉज'चा तक्ता आणि 'डिड'चा तक्ता शेजारी शेजारी पाठ झाले की दोन्हींची सरमिसळ होऊन 'डिड यू वॉज' किंवा 'आय वॉज नॉट गो' तयार होतं. मर्फीत 'वॉज-वेअर' आधी येतं, एकटं येतं आणि पुरतं मुरतं. 'वॉज' स्वतःच 'नॉट' घेतो, प्रश्नात स्वतःच उठून कर्त्याच्या पुढे जाऊन बसतो, त्याला कोणाची मदत लागत नाही. हे हाताखालून गेल्यावर मग बाकीच्या क्रियापदांना मदतनीस का लागतो, ते बाराव्या धड्यात कळतं.

बाराव्या धड्याचं डावं पान थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला एक तक्ता: क्रियापदाचं मूळ रूप, होकार, नकार, प्रश्न. नजर आडवी फिरवली की दिसतं, भूतकाळी रूप फक्त होकाराच्या रकान्यात आहे. नकारात आणि प्रश्नात तेच क्रियापद पुन्हा मूळ रूपात उभं आहे आणि काळ 'डिड'कडे गेला आहे. लांबलचक स्पष्टीकरण नाही, डोळ्यांना दिसेल अशी रचना आहे. त्याखाली 'डू-डझ'चं वर्तमानकाळी वाक्य आणि 'डिड'चं भूतकाळी वाक्य जोडीने ठेवलं आहे, म्हणजे शाळेत जे 'डझन्ट गो' आलेलं असतं त्याचाच हा भाऊ आहे हे लगेच लक्षात येतं. मग प्रश्नातला शब्दक्रम, शेवटी 'येस, आय डिड' आणि 'नो, आय डिडन्ट' ही छोटी उत्तरं. उजव्या पानावर नकार करा, प्रश्न करा, संवादातला दुसऱ्याचा प्रश्न ओळखा आणि शेवटी सगळं मिसळून भरा. मिसळलेल्या सरावात होकाराचीही वाक्यं येतात, त्यामुळे आंधळेपणाने सगळीकडे 'डिडन्ट' ठोकता येत नाही. हे विशेष आवडलं.

आता जिथे हे पुस्तक आपल्याला एकटं सोडतं ते.

'गेलास'मधला 'स' आणि 'वेन्ट'मधला काळ

'आय डिडन्ट वेन्ट' ही चूक आळसाची नाही. ती मराठी व्याकरणातून सरळ चालत आलेली आहे. मराठीत 'मी गेलो' याचा नकार 'मी गेलो नाही'. क्रियापद जसंच्या तसं, शेजारी 'नाही' लावला, काम झालं. भूतकाळ 'गेलो'मध्येच राहिला. त्यामुळे इंग्रजीत नकार करताना डोकं 'वेन्ट' हलवायला तयारच होत नाही. 'डिडन्ट' त्याला नुसता 'नाही' वाटतो.

समजावताना मराठीतलंच एक उदाहरण फार कामाला येतं. 'तू गेलास' याचा नकार करून पाहा: 'तू गेला नाहीस'. 'गेलास'चा 'स' कुठे गेला? तो उठून 'नाही'ला चिकटला. 'तुम्ही गेलात' याचं 'तुम्ही गेला नाहीत' होतं, तिथे 'त' उडी मारतो. म्हणजे नकाराच्या शब्दाने क्रियापदाकडून काहीतरी काढून घ्यायचं, ही गोष्ट मराठीला अजिबात परकी नाही. 'गेलास नाहीस' असं कोणी म्हणत नाही, कारण 'स' एकदाच लागतो. इंग्रजीत तसंच होतं, फक्त उडी मारणारी वस्तू वेगळी आहे: मराठीत पुरुषाची (मी, तू, तो यांची) खूण उडी मारते, इंग्रजीत काळ. 'वेन्ट'मधला भूतकाळ 'डू'ला चिकटून 'डिड' झाला, मागे 'गो' उरला. 'डिडन्ट वेन्ट' म्हणजे 'गेलास नाहीस'. ही एक ओळ बाराव्या धड्याच्या तक्त्याशेजारी समासात लिहून ठेवावी. नियम पाठ असूनही जीभ वळत नाही त्यांना याचा फार उपयोग होतो, कारण 'गेलास नाहीस' कानाला लगेच टोचतं.

जाता जाता: इंग्रजीही एके काळी आपल्यासारखंच नकार करत असे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 'न्यू नॉट' अशी रचना सर्रास आहे, म्हणजे भूतकाळी क्रियापद आणि पुढे 'नॉट', अगदी 'जाणलं नाही'सारखं. 'डिड'ची सक्ती नंतर पक्की झाली. जुन्या कवितेत असं काही दिसलं तर ते छापण्यातली चूक समजू नये, आणि आपणही तसं लिहू नये.

एका बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा सोपं आहे, ते विद्यार्थ्याला आवर्जून सांगावं. आपल्याकडे 'आंबा खाल्ला नाही', 'पोळी खाल्ली नाही', 'आंबे खाल्ले नाहीत' असं कर्माप्रमाणे सगळं बदलतं. 'डिडन्ट ईट' कशानेच बदलत नाही. मी, तू, ती, आपण, आंबा, पोळी, सगळ्यांना एकच. 'डझ'ची सवय लागलेली मुलं 'शी डिड्स' असं काहीतरी शोधत बसतात, त्यांना इथे थांबवायचं.

'नव्हता'चे चार रस्ते

मर्फीत न मिळणारी आणि मराठी माणसाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट ही आहे. आपण बोलताना 'नाही'इतकाच 'नव्हता' वापरतो, आणि इंग्रजीत त्याचे किमान चार वेगवेगळे अनुवाद होतात. 'नव्हतो' म्हणजे 'वॉज नॉट' एवढंच शाळेत बसलेलं असतं, आणि 'आय वॉज नॉट गो'सारखी वाक्यं तिथूनच येतात.

पहिला रस्ता सरळ आहे. 'मी घरी नव्हतो', 'ती आजारी नव्हती'. इथे दुसरं क्रियापदच नाही, फक्त असणं-नसणं आहे. म्हणून 'आय वॉजन्ट ॲट होम', 'शी वॉजन्ट इल'. दहावा धडा.

दुसऱ्यात 'जात', 'करत', 'खात' असा 'त'कारान्त शब्द आधी येतो: 'तो ऐकत नव्हता'. तेव्हा 'ही वॉजन्ट लिसनिंग'. 'आयएनजी' लावल्याशिवाय 'वॉजन्ट'नंतर क्रियापद ठेवायचं नाही, एवढं पाळलं तरी 'वॉज नॉट गो' कायमचं जातं. हा विषय पुस्तकात तेराव्या धड्यात, बाराव्याच्या लगेच पुढे आहे.

तिसरा रस्ता फसवा. 'माझ्याकडे पैसे नव्हते', 'मला वेळ नव्हता', 'मला माहीत नव्हतं', 'मला यायचं नव्हतं'. मराठीत सगळीकडे 'नव्हतं', पण इंग्रजीत सगळीकडे 'डिड': 'आय डिडन्ट हॅव मनी', 'आय डिडन्ट हॅव टाइम', 'आय डिडन्ट नो', 'आय डिडन्ट वॉन्ट टू कम'. ओळखायची खूण म्हणजे वाक्याची सुरुवात. 'मला', 'तिला', 'माझ्याकडे', 'त्यांच्याकडे' अशी सुरुवात आणि शेवटी 'नव्हतं' असेल तर थांबून विचार करायचा: इंग्रजीत इथे 'हॅव', 'नो', 'वॉन्ट', 'लाइक' यांतलं एखादं क्रियापद लपलंय का? बहुतेक वेळा असतं. अपवादही आहेत: 'मला भूक नव्हती' हे 'आय वॉजन्ट हंग्री' होतं, कारण इंग्रजीत भूक हे विशेषण आहे. तहान, भीती यांचंही तसंच.

चौथा रस्ता सर्वांत जास्त माणसांना चकवतो, अगदी इंग्रजी माध्यमवाल्यांनाही. 'काल मी ऑफिसला गेलो नव्हतो.' शब्दाला शब्द लावला की 'आय हॅड नॉट गॉन टू ऑफिस यस्टरडे' तयार होतं. 'तू काल आला होतास का?' याचं 'हॅड यू कम यस्टरडे?'. आपल्याकडच्या कचेऱ्यांतल्या ईमेलांमध्ये ही वाक्यं रोज वाचायला मिळतात. मराठीत 'गेलो होतो' आणि 'गेलो नव्हतो' हे नुसत्या कालच्या घटनेलाही चालतं. इंग्रजीत 'हॅड' तेव्हाच लागतो जेव्हा भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधीची गोष्ट सांगायची असते: 'बस आली तेव्हा मी घरून निघालो नव्हतो', तिथे 'हॅडन्ट लेफ्ट' ठीक. काल, परवा, गेल्या रविवारी, 2019 मध्ये असा एकच काळ वाक्यात असेल आणि दुसरी घटना नसेल, तर 'आय डिडन्ट गो', 'डिड यू कम?'. हे मर्फीत कुठेही या शब्दांत मिळणार नाही, कारण ही चूक मराठी-हिंदी बोलणाऱ्यांची आहे आणि पुस्तक जगभरातल्या सगळ्यांसाठी एकच आहे. त्याला दोष देता येत नाही, पण पुस्तक घेणाऱ्याने हे माहीत असूनच घ्यावं.

आणखी दोन वाक्यप्रकार इथेच टिपून ठेवावेत. 'शकलो नाही' म्हणजे 'कुडन्ट', त्याला 'डिड' लागत नाही. 'जावं लागलं नाही' म्हणजे 'डिडन्ट हॅव टू गो', त्याला मात्र लागतं.

प्रश्नांमधला 'का'

मराठीत प्रश्न करायला शब्द हलवावे लागत नाहीत. 'तू गेलास' ला 'का' जोडला की झाला प्रश्न, कधी नुसता सूर चढवला तरी भागतं. त्यामुळे 'यू वेन्ट यस्टरडे?' हे आपल्याला पूर्ण वाक्य वाटतं. बोलताना ते चालूनही जातं, लेखी परीक्षेत मात्र नाही. गंमत अशी की 'का' कुठे बसतो त्यावरून मराठीतही अर्थ पालटतो: 'तू गेलास का?' आणि 'तू का गेलास?'. पहिल्याचं 'डिड यू गो?', दुसऱ्याचं 'व्हाय डिड यू गो?'. शेवटचा 'का' म्हणजे 'डिड' पहिल्या जागी. मधला 'का' म्हणजे 'व्हाय' पहिल्या जागी आणि 'डिड' त्याच्या मागे. 'व्हाय यू वेन्ट?' म्हणणाऱ्यांनी मधल्या 'का'चा अनुवाद केला आणि 'डिड' विसरले.

पुस्तकात शब्दक्रम दिलेला आहे, पण तो फार पटकन उरकला आहे असं वाटतं. वहीत चार रकाने आखले तर जास्त फायदा होतो: प्रश्नशब्द, डिड, कर्ता, मूळ क्रियापद. प्रश्नशब्द नसेल तर पहिला रकाना रिकामा सोडायचा, बाकीचे तीन तिथेच. कर्ता लांबलचक असला की घोळ होतो, म्हणून मुद्दाम तसे कर्ते घ्यावेत: 'तुझ्या शेजारच्या काकूंनी फोन केला का?' 'डिड द आँटी नेक्स्ट डोअर कॉल?' या अख्ख्या 'द आँटी नेक्स्ट डोअर'ला एकाच रकान्यात कोंबायचं. पुस्तकातले कर्ते बहुतेक छोटे आहेत, सवय मोठ्यांची लागते.

कर्ताच विचारणारा 'हू' आणि 'व्हॉट'चा प्रश्न बाराव्या धड्यात येत नाही, तो बराच पुढे, प्रश्नांच्या विभागात आहे. त्यामुळे मधल्या काळात मुलं 'हू डिड ब्रेक द ग्लास?' म्हणायला लागतात. ज्यांना घाई आहे त्यांनी तो धडा बारावा संपल्या संपल्या करावा. तोपर्यंत मराठीतली एक कसोटी चालते. 'कोण' किंवा 'कोणी' असेल तर 'डिड' नाही: 'काच कोणी फोडली?' 'हू ब्रोक द ग्लास?'. 'कोणाला', 'कोणाकडे', 'कोणाबरोबर' असेल तर 'डिड' हवा: 'तू कोणाला भेटलास?' 'हू डिड यू मीट?'. 'काय'साठी वाक्यात वेगळा कर्ता आहे का ते पाहायचं. 'काय झालं?' मध्ये नाही, म्हणून 'व्हॉट हॅपन्ड?'. 'तू काय खाल्लंस?' मध्ये 'तू' आहे, म्हणून 'व्हॉट डिड यू ईट?'. फक्त नकार आला की कर्त्याचा प्रश्न असला तरी 'डिड' परत येतो: 'कोण आलं नाही?' 'हू डिडन्ट कम?'.

उलट, एका ठिकाणी 'डिड' काढून टाकायचा असतो. 'तो कुठे गेला माहीत नाही' याचं 'आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट'. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, 'वेन्ट' आपल्या जागी परत येतो. 'कॅन यू टेल मी व्हॉट डिड ही से' ही चूक इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्यांकडूनच जास्त होते, कारण त्यांना 'डिड'ची सवय झालेली असते.

उत्तरांबद्दलही एक इशारा हवा होता. 'तू जेवला नाहीस का?' याला आपण म्हणतो, 'हो, नाही जेवलो.' आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत 'येस-नो' घटनेला असतं. जेवण झालं नाही, तर 'नो, आय डिडन्ट', प्रश्न कसाही विचारला असो. 'येस, आय डिडन्ट' हे उत्तर फोनवर ऐकणारा परदेशी माणूस खरंच गोंधळतो, आणि ग्राहकसेवेत काम करणाऱ्यांना याची किंमत मोजावी लागते. 'कोणीच आलं नाही' याचंही तेच: 'नोबडी डिडन्ट कम' नाही. 'नोबडी केम' म्हणा. 'मी काहीच खाल्लं नाही' याचं 'आय डिडन्ट ईट एनीथिंग'. नकार एकदाच.

मूळ रूपाकडे परतण्याची वाट

बाराव्या धड्यात बसून अडणाऱ्यांचं खरं दुखणं कधी कधी अकराव्यात असतं. नकार करायला 'स्टडीड'वरून 'स्टडी'वर, 'स्टॉप्ड'वरून 'स्टॉप'वर, 'फेल्ट'वरून 'फील'वर परत यावं लागतं. पाठांतर मात्र आपण एकाच दिशेने केलेलं असतं, गो-वेन्ट-गॉन. उलट दिशेने कोणी म्हणत नाही. मग 'फेल'चा ('फॉल'च्या भूतकाळाचा) नकार 'डिडन्ट फील' होतो आणि पडण्याऐवजी जाणवायला लागतं. स्पेलिंगही छळतं: 'होप्ड'वरून 'होप', 'हॉप्ड'वरून 'हॉप', फरक एका 'पी'चा.

'रीड' हे क्रियापद तर स्वतंत्र लक्ष देण्यासारखं आहे. स्पेलिंग तिन्ही रूपांत एकच, उच्चार भूतकाळात 'रेड'. 'आय रेड इट' पण 'आय डिडन्ट रीड इट'. लिहिताना कोणाला कळत नाही, मोठ्याने वाचताना पकडलं जातं. 'पुट', 'कट', 'हिट' यांत तर रूप आणि उच्चार दोन्ही बदलत नाहीत, त्यामुळे तिथे चूक होऊच शकत नाही. सरावाला सुरुवात त्यांच्यापासून करू नये, खोटा आत्मविश्वास येतो. 'डू'ची गोष्ट वेगळीच: 'डिड यू डू द होमवर्क?' 'आय डिडन्ट डू इट'. दोनदा 'डू' पाहून मुलं एक खोडतात. पहिला मदतनीस, दुसरा खरं काम करणारा, दोन्ही लागतात. 'यूज्ड टू'चा नकार लिहिताना 'डिडन्ट यूज टू', 'डी' गळतो, ऐकताना फरक कळत नाही म्हणून लिहिताना विसरतो.

पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टांत अनियमित क्रियापदांची यादी आणि स्पेलिंगचे नियम आहेत. त्या यादीतून रोजच्या वापरातली 40 क्रियापदं निवडून वहीत तीन रकाने करावेत: भूतकाळी रूप, नकार, प्रश्न. मग मूळ रूप न लिहिता फक्त भूतकाळी रूप पाहून बाकीचे दोन तोंडाने म्हणायचे. दिवसाला 8, पाच दिवसांत यादी संपते. सहाव्या दिवशी उलटसुलट क्रमाने. याला रोज 10 मिनिटांपेक्षा जास्त लागत नाही, पण बाराव्या धड्याचा सराव यानंतर केला तर चुका निम्म्याहून कमी होतात असं वर्गात वारंवार दिसतं.

उच्चारासाठी छापील पुस्तक पुरत नाही. 'डिडन्ट'मधला शेवटचा 'ट' पुढे व्यंजन आलं की जवळजवळ गायब होतो, आणि ऐकणाऱ्याला होकार-नकाराचा फरक फक्त मधल्या 'न'वरून करावा लागतो. 'डिड यू' बोलताना 'डिजू' होतं, 'डिड ही' चं 'डिडी'. हे कानाला माहीत नसेल तर समोरचा प्रश्न विचारतोय हेच कळत नाही. ऑडिओ असलेली ई-बुक आवृत्ती घेणाऱ्यांना थोडी मदत होते, बाकीच्यांनी ऐकण्यासाठी दुसरी सोय करावी.

कोणती प्रत, कोणासाठी

उत्तरं असलेली आणि उत्तरं नसलेली अशा दोन्ही प्रती मिळतात. घरी एकट्याने करणाऱ्याने उत्तरांचीच घ्यावी, मुखपृष्ठावर तसं छापलेलं असतं. दुकानात 'इसेन्शियल इंग्लिश ग्रामर' अशा थोड्या वेगळ्या नावाची मर्फींचीच भारतीय प्रतही दिसते. मांडणी तीच, पण धड्यांचे क्रमांक चौथ्या आवृत्तीशी जुळतीलच असं नाही, म्हणून क्रमांक न पाहता शीर्षक पाहून धडा शोधावा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दोन्ही प्रकार चाळून पाहता येतात. झेरॉक्स प्रत घेऊ नये, त्यात फायदा नाही: पानांवर जे रंगाने ठळक केलं आहे ते काळ्या-पांढऱ्यात सपाट होतं, आणि 'डिडन्ट'मधला वरचा स्वल्पविराम फिकट छापला गेला की शिकणारा तो न देताच लिहायला शिकतो.

निळा मर्फी, म्हणजे 'इंग्लिश ग्रामर इन यूज', वरच्या पायरीचा. त्याची पाचवी आवृत्ती 2019 ची, 145 धड्यांची, आणि त्यात साधा भूतकाळ होकार-नकार-प्रश्नांसह एकाच पाचव्या धड्यात आटोपला आहे. ज्याची जीभ अजून 'डिडन्ट वेन्ट' म्हणते त्याने निळ्यापासून सुरुवात करू नये. लालमध्ये याच विषयाला तीन धडे, सहा पानं आहेत, आणि या पातळीवर ती सहा पानं लागतात.

पुस्तक अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत आहे. वाक्यं सोपी आहेत, पण सातवी-आठवीच्या मराठी माध्यमातल्या मुलाला डावं पान एकट्याने वाचायला दिलं तर तो चित्रं पाहून पुढे जाईल. शेजारी कोणीतरी बसून मराठीत दोन वाक्यं बोलायला हवं. बारावी झालेला, नोकरीसाठी इंग्रजी सुधारू पाहणारा मात्र एकट्याने सहज करू शकतो: डावं पान 15 मिनिटं, उजवं पेन्सिलने 25 मिनिटं, दोन दिवसांनी तेच उजवं पान पुस्तक मिटून तोंडी.

बोर्डाच्या परीक्षेसाठी यावर विसंबू नये. अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा, या प्रकाराला वर आखलेले चार रकाने चांगले उपयोगी पडतात, आणि कर्ताच अधोरेखित असेल तर 'हू'ची कसोटी. पण अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा, म्हणजे 'आय रिमेम्बर्ड' याचं 'आय डिडन्ट फरगेट', हा प्रकार या धड्यांत नाही. त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकाच सोडवाव्या लागतात.

धडा सुरू करण्याआधी बाराव्याच्या डाव्या पानाच्या समासात पेन्सिलने पाच ओळी लिहून ठेवाव्यात: 'गेलास नाहीस' चालत नाही तसं 'डिडन्ट वेन्ट' चालत नाही. 'मला... नव्हतं' दिसलं की 'डिडन्ट' शोध. 'काल गेलो नव्हतो' म्हणजे 'डिडन्ट गो'. शेवटचा 'का' आणि मधला 'का'. 'हो, नाही' म्हणजे 'नो'. समास अरुंद आहे, अक्षर बारीक काढावं लागतं.